शस्त्रांच्या दुकानाचा काउंटर: काय विचारायचं, काय दाखवायचं आणि कुठे थांबायचं

“बत्तीसची एक डबी द्या.” गिऱ्हाईक परवाना काचेवर ठेवतं आणि पैशांसाठी खिशात हात घालतं. नवा सेल्समन लगेच कपाटाकडे वळला तर त्याला तिथेच अडवा. आधी विचारायचं, “साहेब, हत्यार रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?”

बत्तीस बोअरमध्ये दोन निराळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरला लागतं ते .३२ एस अँड डब्ल्यू लाँग आणि पिस्तुलाला लागतं ते .३२ ए.सी.पी., म्हणजेच ७.६५ मि.मी. पहिल्याची पुंगळी साधारण २३ मि.मी. लांब, बुडाची कड ठळक बाहेर आलेली. दुसऱ्याची १७ मि.मी., कड जेमतेम जाणवेल एवढीच. लांब काडतूस पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये जातच नाही, त्यामुळे ती चूक घरी गेल्यावर लगेच कळते आणि गिऱ्हाईक चिडून परत येतं, एवढंच. उलटी चूक वाईट. आखूड काडतूस बहुतेक रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत बसतं, सैलसर का होईना. कधी बार होत नाही, कधी पुंगळी फुगून अडकते. शिवाय ए.सी.पी.चा दाब लाँगपेक्षा जास्त असतो आणि कानपूरची .३२ रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडणारी आहे. सगळा ताण बिजागरी आणि कडीवर जातो. म्हणून डबी देताना परवान्यावरची हत्याराची नोंद वाचायची, डबीवरचं नाव मोठ्याने वाचायचं आणि एक काडतूस बाहेर काढून गिऱ्हाइकाला दाखवायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. दोन्ही काडतुसांचे नमुने (बार झालेल्या रिकाम्या पुंगळ्या चालतील) एका पट्टीवर शेजारी-शेजारी चिकटवून काउंटरवर ठेवा. दहा वाक्यांत जे समजत नाही ते त्या पट्टीकडे बोट दाखवलं की समजतं.

बाराबोअरचं प्रकरण याहून नाजूक. आपल्याकडे वाडवडिलांच्या इंग्लिश आणि बेल्जियन दुनळ्या अजून परवान्यावर आहेत. त्यातल्या कित्येकींचा चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) अडीच इंची, म्हणजे ६५ मि.मी.चा असतो. आजची बरीच काडतुसं ७० मि.मी.ची, म्हणजे पावणेतीन इंची. गोम अशी की काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार झाल्यानंतरची, तोंड पूर्ण उलगडल्यावरची असते. दुमडलेल्या तोंडाचं ७० मि.मी.चं काडतूस न उडवता मोजलं तर साठच्या आतबाहेर भरतं आणि ६५च्या चेंबरमध्ये अगदी सुखाने बसतं. “बसतंय की, मग काय झालं?” हा गिऱ्हाइकाचा प्रश्न त्यातूनच येतो. बार होताना ते तोंड उलगडायला जागा मिळत नाही, ते पुढच्या अरुंद भागात शिरतं आणि दाब चढतो. जुनी बंदूक पहिल्या बाराला फुटेलच असं नाही. सांधे ढिले पडत जातात, आणि मग एक दिवस येतो. जुनी दुनळी असेल तर “पुढच्या वेळी बंदूक घेऊन या, चेंबर मोजून देतो” असं सांगा. नळ्या सुट्या केल्या की त्यांच्या बुडाशी सपाट भागावर चेंबरची लांबी कोरलेली सापडते. पुसट झाली असेल तर चेंबर गेज घालून मोजा. नळीवर वेलबुट्टीसारखी लाटांची नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी असण्याची शक्यता धरा. ती काळ्या दारूच्या जमान्यातली. तिला आजचं काडतूस विकायचं नाही, गिऱ्हाईक कितीही जुनं असलं तरी.

वीस बोअरचं काडतूस बाराबोअरच्या कपाटात कधीही ठेवू नका. ते बाराच्या चेंबरमधून घसरून पुढे नळीत अडकतं, मागून चेंबर रिकामा दिसतो, माणूस वर बाराचं काडतूस भरतो आणि नळी हातात फुटते. वीस बोअरची काडतुसं जगभर पिवळ्या रंगाची करण्याची रीत आहे ती याच कारणाने. तुमच्या कपाटातही पिवळ्याचा कप्पा वेगळा आणि शक्यतो कुलपाचा असू द्या.

काडतूस कुठलं आहे हे बुडावरून ओळखायला शिकवा. पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याच्या काडतुसाच्या बुडावर के.एफ. ही अक्षरं असतात. गिऱ्हाईक घरातली जुनी डबी घेऊन “ही चालतील का?” विचारतं तेव्हा बूड बघायचं, पितळ हिरवं पडलंय का बघायचं, कागदी पुंगळी असेल तर पावसाळ्यात फुगली आहे का ते बोटाने चाचपायचं. शंका आली तर “चालतील” म्हणायचं नाही.

कागद आधी, कपाटाची किल्ली नंतर

परवाना मूळच हवा. झेरॉक्स, मोबाइलमधला फोटो, “साहेबांनी तोंडी सांगितलंय”, यातलं काहीही चालत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या चौकटीत दुकान चालतं आणि एका चुकीत स्वतःचा विक्री परवाना जातो, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

परवाना हातात घेतला की नजर ठरावीक क्रमाने फिरली पाहिजे. फोटो आणि समोरचा चेहरा. मुदत. युनिक आयडेंटिफिकेशन नंबर, ज्याला सगळे नुसतं यू.आय.एन. म्हणतात, तो नसेल तर व्यवहार पुढे जाणार नाही. मग क्षेत्र: जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की देशभर. मग हत्याराचा प्रकार आणि बोअर. बाराबोअरच्या मंजुरीवर रिव्हॉल्व्हर मिळत नाही, आणि हे गिऱ्हाइकाला काउंटरवर पहिल्यांदा कळतं असं बऱ्याचदा होतं. शेवटी मागच्या पानांवरच्या नोंदी: कोणतं हत्यार आधीच चढलेलं आहे, या वर्षी किती काडतुसं उचलली, एका वेळी किती देता येतात. आकडा प्रत्येकाच्या परवान्यावर लिहिलेला असतो. आठवणीवर जाऊ नका.

२०१९च्या दुरुस्तीने दोन गोष्टी बदलल्या आणि त्या अजूनही लोकांच्या डोक्यात नीट बसलेल्या नाहीत. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आणि एका माणसाकडे ठेवता येणारी हत्यारं तीनवरून दोनवर आली, वारशाने आलेलं हत्यार धरून. त्यामुळे “मला तिसरं घ्यायचंय” म्हणणाऱ्याला “आता मिळणार नाही” एवढं म्हणून पाठवू नका. आधीच्या दोनपैकी एक रीतसर विकलं किंवा दुसऱ्या परवानाधारकाच्या नावे केलं, तर जागा मोकळी होते. ही वाट दाखवणं हीच खरी सेवा, आणि ते जुनं हत्यार बहुधा तुमच्याच दुकानात विक्रीला येतं.

अर्ज कुठे करायचा, हेही लोक तुम्हालाच विचारणार. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्त, इतरत्र जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी. २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सर्वसाधारण परवाना नाही. खेळाडूंसाठीच्या तरतुदी वेगळ्या आहेत, त्यांना आपल्या नेमबाजी संघटनेकडे पाठवा. आणि कोणी “लवकर करून द्या, किती लागतील ते सांगा” असं पुटपुटलं तर तिथे हसून विषय बदलायचा नाही. स्पष्ट नाही म्हणायचं. दुकान एजंटगिरी करतं अशी बोलवा गावात एका आठवड्यात पसरते.

बिलाआधी अंदाजपत्रक लेखी द्या: हत्याराची किंमत, कर, कव्हर, साफसफाईचा संच, सगळं वेगवेगळ्या ओळींत. विक्री झाल्यावर हत्याराचा नंबर गिऱ्हाइकासमोर बोट ठेवून वाचा, परवान्यावर लिहा, रजिस्टरवर लिहा, तिन्ही पुन्हा जुळवा. ३ आणि ८, १ आणि ७ इथेच गडबड होते. एक अंक चुकला की तो माणूस पुढे दर नूतनीकरणाला खुलासे देत बसतो. नंतर परवाना देणाऱ्या कार्यालयात हत्याराची नोंद करायची आहे, हेही बिलासोबत कागदावर लिहून द्या; तोंडी सांगितलेलं दारापर्यंतही टिकत नाही.

हत्यार हातात देताना

काउंटरवर एका वेळी एकच हत्यार. दुसरं बघायचं असेल तर पहिलं परत मांडणीत जाईल, मग दुसरं बाहेर येईल. काडतुसं आणि दाखवायचं हत्यार एकाच काचेवर कधीच नाहीत. काडतुसांचं कपाट दुकानाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर हा नियम आपोआप पाळला जातो.

हत्यार काढलं की सेल्समनने स्वतः उघडून बघायचं, चेंबरमध्ये डोळ्यांनी आणि करंगळीने, दोन्ही. मग उघड्या स्थितीत, तोंड ठरलेल्या भिंतीकडे ठेवून, मूठ किंवा दस्ता गिऱ्हाइकाच्या बाजूला करून द्यायचं. गिऱ्हाइकानेही पुन्हा बघितलं तर वाईट वाटून घेऊ नका. “शाबास, असंच बघायचं” असं म्हणा. बोट चापावर गेलं तर “काका, बोट बाहेर, चौकटीवर ठेवा” इतकंच, शांतपणे. हातावर हात मारायचा नाही, ओरडायचं नाही. सोबत चारचौघं आलेली असतात आणि पाणउतारा झालेलं गिऱ्हाईक काही शिकत नाही.

चाप ओढून बघायचा असेल तर त्या बोअरची नकली काडतुसं घालून द्या, म्हणजे फायरिंग पिन रिकामी आपटणार नाही. घोडा न दिसणाऱ्या दुनळीसाठी ती दोन्ही चेंबरमध्ये हवीतच.

गिऱ्हाईक हत्यार घेऊन येतं तेव्हा

दुरुस्ती, साफसफाई किंवा जमा करण्यासाठी आलेलं हत्यार हा दुकानातला सगळ्यात धोक्याचा क्षण. “रिकामं आहे” हे वाक्य ऐकायचं आणि विसरायचं. पिशवीतून हत्यार गिऱ्हाइकाने काढायचं नाही. पिशवी बंदच आत घ्यायची, ठरलेल्या कोपऱ्यात, वाळूच्या पेटीकडे तोंड करून उघडायची.

पिस्तुलात क्रम चुकला की घात होतो. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर रिकामा करायचा. उलटं केलं, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर स्लाइडने चेंबरमधलं काडतूस बाहेर टाकताना मॅगझिनमधलं नवं आत ढकललेलं असतं. बाहेर पडलेलं काडतूस दिसल्यामुळे माणूस निर्धास्त होतो. स्लाइड मागे अडकवून ठेवून चेंबर बघितल्याशिवाय पिस्तूल रिकामं नाही.

ठासणीची, म्हणजे तोंडाकडून बार ठासून भरायची बंदूक कोकणातून हमखास येते. ती उघडत नाही, त्यामुळे आत बार भरलेला आहे का ते डोळ्यांनी कळत नाही. बार ठासायचा गज हीच तिची मोजपट्टी. आधी निपलवर, म्हणजे नळीच्या बुडाजवळ टोपी (केप) बसवायच्या टोकावर, टोपी नाही ना ते बघा. मग बाजूला उभं राहून, चेहरा आणि पंजा तोंडासमोर न आणता, गज दोन बोटांनी नळीत टेकेपर्यंत सोडा आणि तोंडाशी जिथे येतो तिथे खडूने खूण करा. गज काढून नळीच्या बाहेर धरा, खूण तोंडाशी जुळवा. गजाचं टोक निपलच्या जवळ पोचलं तर नळी रिकामी. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं तर आत दारू आणि छर्रे आहेत, मग ते गेल्या वर्षीचे का असेनात. अशी बंदूक दुरुस्तीच्या टेबलावर जाणार नाही. ठासलेला बार काढायचं काम परवानाधारक कारागिराचं, काउंटरवरच्या पोराचं नाही.

नंबर घासलेलं हत्यार आलं तर ते परत देऊन “आम्ही हे करत नाही” म्हणून मोकळं व्हायचं नाही. मालकाला बोलवायचं, पोलिसांना कळवायचं. नळी कापून आखूड करून मागणाराही अधूनमधून येतो, “घरात वळवायला अडचण होते” म्हणतो. तो गुन्हा आहे. त्यापेक्षा बंदूक घरात कशी ठेवायची ते सांगा: उघडून, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ली एकाच माणसाकडे.

कोणाला काय योग्य

“सगळ्यात भारी कुठलं?” याला उत्तर देऊ नका. कशासाठी हवंय ते विचारा, आणि मग हात बघा.

दुनळी खांद्याला बसते का हे बघायला दस्ता कोपराच्या आतल्या वळणात टेकवून हात चापाकडे न्यायला सांगा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर आलं तर लांबी जवळपास बरोबर. पण खरी परीक्षा वेगळी. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगा, मग डोळे उघडायला. माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी) मधोमध आणि नळीवरची पट्टी अगदी थोडी दिसली तर दस्ता जमला. नुसता मागचा भाग दिसला तर गाल खाली जातोय, पट्टी रस्त्यासारखी लांब दिसली तर गाल वर राहतोय. अशा माणसाला दुसरी बंदूक दाखवा, “सवय होईल” म्हणू नका.

कुठला डोळा जोराचा, हेही तिथेच कळतं. दोन्ही हातांच्या पंजांनी छोटं भोक करून लांबच्या कॅलेंडरवरचा आकडा त्यातून बघायला सांगा, मग एकेक डोळा मिटायला. ज्या डोळ्याने आकडा दिसत राहतो तो जोराचा. उजव्या हाताचा पण डाव्या डोळ्याचा माणूस बराच सापडतो, आणि “माझा नेम लागत नाही, बंदूक खराब आहे” ही तक्रार पुष्कळदा तिथून आलेली असते.

रिव्हॉल्व्हर घेणारं गिऱ्हाईक साठीच्या पुढचं असेल तर नकली काडतुसं घालून घोडा न चढवता सलग सहा वेळा चाप ओढायला सांगा. चौथ्या-पाचव्याला तोंड खाली झुकायला लागलं तर चाप त्या हाताला जड आहे. पिस्तूल दाखवायचं असेल तर स्लाइड पूर्ण मागे जाते का ते त्यांच्याच हाताने बघू द्या. हे सांगताना वयाचा उल्लेख लागत नाही.

आणि नवरा-बायको आले, परवाना बाईंच्या नावे आहे, तर बोलणं बाईंशी. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या राज्यात घडल्या तरी आपल्या काउंटरवरचा माणूस अजून “साहेब, बघा कसं वाटतंय” म्हणत नवऱ्याच्या हातात हत्यार देतो. शिष्टाचार तर सोडाच, ज्याच्या नावे परवाना आहे त्याच्याच हाताला ते बसायला हवं. याचीच दुसरी बाजू: परवानाधारक गप्प उभा आहे, आणि सोबतचाच माणूस हत्यार निवडतोय, पैसे मोजतोय, फोनवर कुणाला विचारतोय. तिथे व्यवहार थांबवा. “ज्यांच्या नावे आहे त्यांनी एकटं या” असं म्हटलं की काय ते उमगतं.

शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या शेतकऱ्याला रानडुकरांविषयी विचाराल तर तो अर्धा तास बोलेल, आणि ते ऐकून घ्यावं. पण वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ त्याच्या बंदुकीलाही लागू आहे. जनावर मारायचं असेल तर वनखात्याची परवानगी हातात हवी, आणि नुकसानभरपाईचा अर्जही वनखात्याकडेच होतो. हे दोन पत्ते काउंटरवर लिहून ठेवा. “लग्नात दोन बार काढायचेत” म्हणणाऱ्याला सांगा की २०१९पासून असल्या हर्षोल्हासाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. त्या दिवसासाठी काडतुसं मागत असेल तर देऊ नका.

एअर रायफलचा काउंटर

स्वप्नील कुसाळेला २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळालं आणि कोल्हापूर-पुण्याकडच्या आईवडिलांची काउंटरवरची गर्दी वाढली. “मुलाला रायफल घ्यायचीय, बारा वर्षांचा आहे.” इथे चांगला विक्रेता पहिल्या भेटीत काही विकत नाही. आधी तीन महिने क्लबची रायफल वापरू दे, कोच काय म्हणतो ते बघा, मग या. वाढत्या अंगाला आज बसणारा दस्ता सहा महिन्यांत अपुरा पडतो. घ्यायचीच असेल तर दस्त्याची लांबी आणि गालपट्टी सरकवता येते अशीच.

.१७७, म्हणजे ४.५ मि.मी. बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. बोअर त्याहून मोठा किंवा ताकद जास्त झाली की लागतो. “.२२ची एअरगन आहे का, जरा जोरदार?” या प्रश्नाला हेच उत्तर. परवाना नाही म्हणून नोंद नाही असं मात्र करू नका: ओळखपत्र, पत्ता, रायफलचा नंबर रजिस्टरवर. वाढदिवसाची भेट म्हणून एकट्या आलेल्या पोराच्या हातात ती द्यायची नाही, आणि कबुतरं-माकडं हाकलायला मागणाऱ्यालाही नाही.

पी.सी.पी., म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल विकताना सिलिंडरवरची तारीख गिऱ्हाइकाला दाखवा. स्पर्धेत सिलिंडरचं आयुष्य जास्तीत जास्त दहा वर्षं धरतात, त्यानंतर तपासणीतच बाहेर काढतात. जुन्या रायफलीचा सौदा स्वस्त वाटतो तो बहुतेक या तारखेमुळे. हवा भरायची ती कोरडी आणि स्वच्छ, सिलिंडरवर लिहिलेल्या दाबाच्या वर नाही, आणि सावकाश. शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन भरून घेण्याची कल्पना कोणाला तरी सुचतेच. तेलाच्या थेंबाशी उच्च दाबाचा ऑक्सिजन भेटला की स्फोट होतो. हे वाक्य बिलावर छापून घ्या.

स्प्रिंगची, नळी मोडून भरायची एअरगन दाखवताना छर्रा घालत असताना दुसऱ्या हाताने नळी धरून ठेवायला शिकवा. चाप सुटला तर नळी झटक्यात बंद होते आणि बोटं मध्ये सापडतात. छर्र्याशिवाय चाप ओढू देऊ नका, पुढे हवेची उशी नसल्याने पिस्टन नुसताच आपटतो.

छर्रे विकताना “हेच बेस्ट” नको. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा मिळतो आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी. दहा मीटरच्या रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे हा फरक तिथे दिसतो. शक्य असेल तर रेंजवर रायफल शिकंज्यात धरून प्रत्येक मापाचे दहा छर्रे मारून बघा आणि सगळ्यात घट्ट भोक पाडणारं माप विका. आणि शिसं आहे: छर्रे तोंडात धरायचे नाहीत, सरावानंतर हात साबणाने धुवायचे, डबा खाऊच्या पिशवीत टाकायचा नाही. आईला सांगितलंत तर ती ते पाळायला लावते.

पावसाळा, खंडेनवमी

जून ते सप्टेंबर गंजाचा हंगाम. गिऱ्हाइकाला तीन गोष्टी सांगा. चामड्याच्या कव्हरात हत्यार ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि कमावण्यातले क्षार धातूला लागतात. पितळी काडतुसं त्यातच हिरवी पडतात. खोबरेल तेल नको: थंडीत थिजतं, नंतर चिकटा होतो आणि नेमक्या वेळी घोडा अर्ध्यात अडतो. बंदुकीचं पातळ तेल, चिंधीला लावून पुसलेलं, पुरे. थबथबलेलं तेल काडतुसाच्या टोपीत शिरलं तर ती पेटत नाही. बार काढण्याआधी नळी कोरड्या चिंधीने पुसायची. ठासणीची असेल तर बार झाल्यावर त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच तेल. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढून घेते आणि दोन रात्रींत नळी खडबडीत होते.

खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात साफसफाईची रांग लागते. त्या आठवड्यासाठी टोकन, परतीची तारीख आणि एक जास्तीचा माणूस ठेवा. हत्यार परत देताना सांगा: पूजेला रिकामं ठेवा, आणि ओलं हळद-कुंकू व फुलं संध्याकाळीच पुसून काढा. दसऱ्यानंतर घोड्याजवळ ठिपक्या-ठिपक्यांचा गंज घेऊन जे लोक येतात, त्यातल्या निम्म्यांचं कारण तेच असतं.

माणूस ओळखणं

दारूचा वास आला तर विक्री नाही. कोणावर तरी संतापून आला असेल, हात थरथरत असतील, तरी नाही. “एक-दोनच काडतुसं द्या, जास्त नकोत” म्हणणारा, प्रश्नांना उत्तरं न देणारा, किमतीकडेही न बघणारा माणूस दिसला तर घाई करू नका. त्याला बसवा, पाणी द्या, मालकाला बोलवा. “दादा, बरं वाटत नाहीये का? काही झालंय का घरी?” हे विचारल्याने काही बिघडत नाही. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ साली एकाच दुकानातून हत्यार घेतलेल्या तिघांनी आठवड्याभराच्या आत आत्महत्या केल्या, आणि तिथल्या दुकानदारांनी आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्यांसोबत पुढे काउंटरवरच्या लोकांसाठी मार्गदर्शिका तयार केल्या. आपल्याकडे टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे; तो क्रमांक काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. घरच्यांनी “त्यांची बंदूक काही दिवस तुमच्याकडे ठेवता का?” म्हणून फोन केला तर कागदपत्रांचा प्रश्न आधी काढू नका, हत्यार रीतसर जमा कसं करायचं ते सांगा आणि त्याच दिवशी करून घ्या.

जमा हत्यारं

निवडणुकीची आचारसंहिता लागली की जमा करणारे येतात. सरसकट सगळ्यांना जमा करावं लागत नाही, जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. नोटीस आली आहे का ते विचारा. पोलीस ठाण्याऐवजी परवानाधारक दुकानात ठेवता येतं, आणि लोक तुमच्याकडे येतात ते हत्यार नीट राहील या भरवशावर. पावतीवर नंबर, बोअर, काडतुसांची संख्या, आणि असलेले ओरखडे किंवा गंज लिहा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, गिऱ्हाइकाची सही घ्या. पुसून, तेल लावून, नावाचा बिल्ला बांधून ठेवा. काडतुसं वेगळ्या पाकिटात, त्याच नंबराने. दोन-तीन महिन्यांनी परत देताना फोटो समोर ठेवा, वाद होतच नाही.

वडील वारल्यावर मुलगा बंदूक घेऊन येतो तेव्हा परवाना वारशाने मिळत नाही हे त्याला माहीत नसतं. आधी चार शब्द बोला. मग सांगा: हत्यार घरात ठेवू नका, आज इथे जमा करा, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचं ना हरकत पत्र लागेल, स्वतःच्या नावे परवाना मागायचा की विकायचं, ते सावकाश ठरवा. पावती त्याच्या नावाने नाही, वडिलांच्या परवान्याच्या नोंदीवरून करा आणि जमा करणारा म्हणून त्याचं नाव लिहा.

रोज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी दोन माणसांनी मिळून मोजायचं: एकाने मांडणीतला नंबर वाचायचा, दुसऱ्याने रजिस्टरवर खूण करायची. काडतुसांच्या फोडलेल्या डब्या उघडून आतले नग मोजायचे, जमा हत्यारांचे बिल्ले पावतीपुस्तकाशी ताडायचे. फरक निघाला तर आधी दिवसभराची बिलं, मग दुरुस्तीचं टेबल, मग दाखवायच्या काचेखालचा कप्पा. बहुतेक वेळा तिथेच सापडतं. नाही सापडलं तर मालकाला त्याच रात्री फोन, सकाळपर्यंत थांबायचं नाही.